संत्र्याच्या सौद्यात आम्ही असे फसलो

नरखेड, काटोल, सावनेर भागातल्या संत्रावाल्यांनी हे वाचावं म्हणून लिहितो आहे. आंबियाचे, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी तोडीला येणाऱ्या बहाराचे, सौदे सुरू व्हायच्या आत वाचलं तर बरं.

आमची बाग नरखेड तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ. मी नागपुरात नोकरी करतो, बाग बाबा बघतात. आमच्याकडे सीमा कोणाला जाणवत नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत पलीकडचे पांढुर्णा, सौंसर आणि आम्ही एकाच राज्यात होतो, राजधानी नागपूर. आजही पांढुर्ण्यात घराघरात मराठी बोलतात. माझी आत्या सौंसरला दिलेली आहे. तोडीला येणारी टोळी छिंदवाड्याकडची, आपसात गोंडी बोलते. ट्रकवाल्याशी हिंदी. भाव वऱ्हाडीत ठरतो आणि चिठ्ठी हिंदीत लिहिली जाते. लहानपणापासून हे असंच पाहत आलो आणि मला त्याचा अभिमान वाटतो. आम्हाला फसवणाऱ्या व्यापाऱ्यानं नेमका याचाच फायदा घेतला.

तो पहिल्यांदा आला २०२४ च्या मार्चमध्ये. थोड्या झाडांवर मृग, म्हणजे पावसाळ्यात फुलणारा बहार, धरला होता, तो त्यानं घेतला. पैसे त्याच दिवशी, रोख. हिशोबात बाबांकडून ४०० रुपये कमी धरले गेले होते, ते त्यानं स्वतःहून दाखवून दिले आणि वर भरले. बाबा महिनाभर त्याचं कौतुक सांगत होते. आता वाटतं, त्या ४०० रुपयांत त्यानं आमची पुढची बाग विकत घेतली.

आंबियाला तो परत आला. मी दरापलीकडचं काही बोलू लागलो, लेखी करार करू म्हटलं, तर बाबांकडे वळून म्हणाला, "काकाजी, पांढुर्णा आन् नरखेड काय येगळं हाय का जी? आपल्यात कागद कायले पाह्यजे?" बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसलो. ३२ हजार रुपये टन ठरला. ५१ हजार इसार दिला. गुलाबी कागदाची छापील चिठ्ठी दिली, वर फर्मचं नाव, पांढुर्ण्याचा पत्ता, खाली वाचता न येणारी सही.

चार दिवस तोड चालली. दुसऱ्या दिवशी त्यानं दीड लाखाचा चेक दिला, "बाकी शेवटच्या गाडीले रोख." चौथ्या दिवशी अंधार पडत असताना शेवटची गाडी भरली. मी बागेतच होतो. हमाल ताडपत्रीचे दोर आवळत होते, तो फोन कानाला लावून बांधावर फेऱ्या मारत होता. "बँकेतून निघाले पैसे, सकाळी घरी आणून देतो," म्हणाला आणि गाडीत बसून गेला. एकूण १४ टन माल, ४ लाख ४८ हजारांचा. हातात आलेले ५१ हजार.

त्यानंतर फोन बंद झाला असता तर आम्ही लगेच जागे झालो असतो. तो रोज फोन उचलायचा. बांगलादेशात माल अडकला, तिथं आयात शुल्क वाढलं, पार्टीनं पैसे दाबले. बांगलादेशनं संत्र्यावरचं शुल्क खरंच वाढवत नेलं आहे, त्यामुळे खोटं वाटेना. "चेक आत्ता टाकू नका, खात्यात येऊ द्या," हे तो अडीच महिने सांगत राहिला. चेकची मुदत ३ महिने असते, हे त्याला माहीत होतं. आम्ही फेब्रुवारीत टाकला, तो परत आला. खात्यात शिल्लक नव्हती.

मग पांढुर्ण्याला गेलो. चिठ्ठीवरच्या पत्त्यावर जनावरांच्या ढेपेचं दुकान. दुकानदारानं चिठ्ठी हातात घेतली, मराठीतच म्हणाला, "तुम्ही तिसरे." त्यानंच आम्हाला पाणी दिलं, बसवलं आणि ओळखीच्या वकिलाचा नंबर दिला. पांढुर्ण्याचे लोक फसवे आहेत असं कोणी म्हणू नये. फसवलं एकानं, मदतही तिथल्याच माणसानं केली.

इकडच्या ठाण्यात सांगितलं, आरोपी तिकडचा आहे, तिकडे जा. तिकडे म्हणाले, माल तुमच्या शेतातून गेला, तुमच्याकडे जा. तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं, पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. ठाण्यात जाताना हे माहीत असू द्या. बाजार समितीत हात वर केले, कारण २०१६ पासून राज्यात फळं-भाजीपाला नियमनमुक्त आहे आणि सौदा बांधावर झाला होता. बांधावर विकायची मुभा मिळाली हे चांगलंच, पण आपल्या मागे उभं राहणारं तिथं कोणी नसतं.

वकिलानं न वटलेल्या चेकसाठीचं कलम १३८ लावलं. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेलीच पाहिजे. नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, त्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या महिनाभरात कोर्टात तक्रार. आमची नोटीस कशीबशी मुदतीत गेली. एक गोष्ट मात्र आमच्या बाजूची निघाली: ज्या शाखेत आपलं खातं आहे आणि चेक जमा केला आहे, तिथल्या कोर्टात केस चालते. म्हणजे त्याला इकडे यावं लागतं.

पण हे फक्त दीड लाखांपुरतं. उरलेल्या २ लाख ४७ हजारांसाठी आमच्याकडे धर्मकाट्याच्या, म्हणजे गाडी तोलायच्या काट्याच्या, चार पावत्या आहेत. त्यावर गाडी नंबर आणि वजन आहे, घेणाऱ्याचं नाव नाही. चेकवरचं नावही चिठ्ठीवरच्या फर्मचं नव्हतं. हे दोन कागद शेजारी ठेवून आमच्यापैकी कोणी पाहिलेच नव्हते.

केस चालू आहे. बाबा प्रत्येक तारखेला धुतलेलं धोतर नेसून जातात, तो येत नाही.

यंदाच्या मृगाला सौंसरचा एक व्यापारी आला. बाबांनी आधी आधार कार्डाचा फोटो मागितला, चेकबुक बघितलं, धर्मकाट्याच्या प्रत्येक पावतीमागे त्याची सही घेतली. मला वाटलं रागावेल. तो म्हणाला, "बरोबर करता काकाजी, माझ्या बापालेही असंच बुडवलं होतं." गाडी भरली तेव्हा बाबा ताडपत्रीचं टोक हातात धरून उभे होते. माझ्या फोनवर बँकेचा मेसेज आला, मी आकडा मोठ्यानं वाचून दाखवला, मगच त्यांनी ते टोक हमालाच्या हातात दिलं.