प्रोजेक्ट गुटेनबर्ग वर्गात वापरताना: माल फुकट, निवड तुमची

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला किंवा एम.ए.ला इंग्रजी शिकवणाऱ्यांची नागपुरातली जुनी अडचण म्हणजे गाईड. पुस्तक नेमलेलं असतं, पोरं वाचतात गाईड. कथेचा सारांश, ‘थीम’, पात्रांची स्वभावचित्रं सगळं तयार. मूळ इंग्रजीचं एक वाक्यही न वाचता पेपर निघतो. साहित्यातून भाषा शिकवायची तर मूळ मजकूर प्रत्येकाच्या हातात हवा, तो कापता-जोडता यायला हवा आणि साठ जणांसाठी झेरॉक्स काढणं परवडायला हवं. या कामासाठी प्रोजेक्ट गुटेनबर्ग, म्हणजे हक्क संपलेल्या पुस्तकांचा मोफत ऑनलाइन संग्रह, कितपत उपयोगी पडतं, एवढंच इथे पाहू.

मायकेल हार्ट यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात सुरू केलेल्या या संग्रहात आज सत्तर हजारांहून जास्त पुस्तकं आहेत. नोंदणी नाही, पैसे नाहीत. पण कारभार कळमन्याच्या बाजारासारखा आहे: माल पोत्यानं येतो, निवडून-पाखडून घ्यायचं काम तुमचं. कोणत्या पातळीच्या विद्यार्थ्याला काय झेपेल याची खूण नाही, वर्गासाठी टिपा नाहीत, प्रश्न नाहीत. जुन्या फायलींमध्ये तर मजकूर नेमक्या कोणत्या छापील आवृत्तीवरून घेतला हेही अनेकदा लिहिलेलं नसतं. प्रबंधात उद्धृत करायला हे पुरत नाही. पान क्रमांकाशिवाय संदर्भ कसा देणार? वर्गात मात्र त्यानं फारसं अडत नाही.

फाईल उतरवताना ‘प्लेन टेक्स्ट’ घेऊ नका. त्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी ओळ तोडलेली असते, त्यामुळे वर्डमध्ये चिकटवलं की परिच्छेदांचे तुकडे पडतात. तिरकी अक्षरं जाऊन शब्दाच्या दोन्ही बाजूंना अंडरस्कोअर येतात आणि पोरं विचारतात, ही रिकामी जागा भरायची आहे का? एचटीएमएल पान उघडून हवा तेवढाच भाग उचलावा. अक्षर १२ पॉइंट, उजवीकडे दोन इंचांचा समास, दर पाचव्या ओळीला क्रमांक. ओळ क्रमांक विसरू नका. त्याशिवाय साठ जणांच्या वर्गात ‘तिसऱ्या परिच्छेदातलं ते वाक्य’ शोधण्यातच दहा मिनिटं जातात.

कॉपीराइटचा मामला नीट समजून घ्यायला हवा, कारण ‘साइटवर आहे म्हणजे मोकळं आहे’ हे भारतात खरं नाही. संग्रह अमेरिकी कायद्यानं चालतो. तिथे जुन्या पुस्तकांसाठी प्रकाशनाचं वर्ष मोजतात आणि मुदत ९५ वर्षांची. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. अगाथा ख्रिस्ती यांची १९२० सालची पहिली कादंबरी तिथे मोफत आहे, पण त्यांचं निधन १९७६ चं, म्हणजे भारतात हक्क २०३६ अखेरपर्यंत. उलट जॉर्ज ऑर्वेल १९५० मध्ये गेले. आपल्याकडे ते २०११ पासून मोकळे, पण त्यांचं उत्तरकाळातलं लेखन अमेरिकी संग्रहात मिळत नाही. त्यासाठी प्रोजेक्ट गुटेनबर्ग ऑस्ट्रेलिया ही वेगळी साइट आहे. हक्क संपलेला मजकूर वाटताना फाईलच्या आधी-नंतरचा परवान्याचा मजकूर आणि संस्थेचं नाव, दोन्ही काढून टाकावं. नाव ठेवून प्रती विकल्या तर रॉयल्टीच्या अटी लागतात.

आता निवड. प्राध्यापकांची पहिली धाव जाडजूड व्हिक्टोरियन कादंबरीकडे असते आणि तिथेच गाडी फसते. तीनशे पानं कोणी वाचत नाही, मग पुन्हा गाईड. त्यापेक्षा अमेरिकी लेखिका केट शोपां यांची ‘अ पेअर ऑफ सिल्क स्टॉकिंग्ज’ ही कथा घ्या. त्यांच्याच ‘द अवेकनिंग’ या कादंबरीसोबतच्या निवडक कथांच्या फायलीत ती आहे. कथा १८९७ ची, लांबी साधारण दोन हजार शब्द, पाठपोट दोन-तीन कागदांत बसते. काटकसरीनं संसार रेटणाऱ्या मिसेस सॉमर्सच्या हाती अचानक पंधरा डॉलर येतात. मुलांच्या कपड्यांचा हिशेब करून ती दुकानात जाते आणि अडीच डॉलरवरून एक डॉलर अठ्ठ्याण्णव सेंटवर उतरवलेल्या रेशमी मोज्यांवर तिचा हात पडतो. बर्डीवरचे (नागपूरच्या सीताबर्डी बाजारातले) सेल पाहिलेल्या वर्गाला यापुढचं समजावून सांगावं लागत नाही.

पहिल्या तासाला फक्त सुरुवातीचे तीन-चार परिच्छेद. दहा मिनिटं मूक वाचन, मग ‘वुड’ आणि ‘शुड’ अधोरेखित करायला सांगायचं. जेनीच्या बुटांवर डॉलर-दोन डॉलर जास्त घालायचे, मुलांच्या कपड्यांसाठी इतकं-तितकं कापड घ्यायचं, हा सगळा बेत ‘वुड’-‘शुड’मध्ये आहे आणि त्या वाक्यांत ‘तिला वाटलं’ असं कुठेच नाही. इथे बहुतेकांची एकच चूक होते. शाळेत ‘वुड म्हणजे भूतकाळातली सवय’ एवढंच पाठ झालेलं असतं, म्हणून ते वाचतात की ती नेहमी असं कापड घ्यायची. मग कथाच उलटते, कारण मुद्दा असा की यातलं काहीच ती घेत नाही. उपाय सोपा आहे. तेच वाक्य आधी ‘शी थॉट दॅट’ जोडून लिहायला लावा, मग ‘आय विल’ करून तिच्या तोंडी द्या, आणि शेवटी तिन्ही वाक्यं फळ्यावर एकाखाली एक. निवेदकाच्या वाक्यात पात्राचा आवाज कसा शिरतो हे व्याख्या न देता दिसतं. ‘फ्री इनडायरेक्ट स्पीच’ ही संज्ञा त्यानंतर सांगा. आधी सांगितली तर वहीत उतरते आणि तिथेच राहते.

दुसऱ्या तासाचं वाक्य खरेदीच्या भरातलं आहे. ती विचार करण्याच्या कष्टाच्या कामातून जणू सुट्टी घेत होती, अशा अर्थाचं. त्यातलं ‘सीम्ड’ खोडून वर्गाला पुन्हा वाचायला लावा. शब्द गेला की निवेदक न्यायाधीश होतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याला हे कळणं फार गरजेचं आहे, कारण त्याच्या प्रकल्प अहवालात दर पानावर ‘धिस प्रूव्हज’ असतं. ‘सजेस्ट्स’, ‘अपिअर्स’, ‘मे’ ही सावध इंग्रजी यादी देऊन येत नाही, इथे येते.

लेखनासाठी: हातात तीन हजार रुपये, जागा सीताबर्डी, १५० ते १८० शब्द, ‘थॉट’ आणि ‘फेल्ट’ला बंदी, किमान तीन ‘वुड’. तपासताना काळ आणि ‘वुड’च्या ओळी तेवढ्या पाहा. चौथ्या-पाचव्या वाक्यापासून वर्तमानकाळ घुसतो आणि ‘वुड बॉट’ हमखास येतं. आर्टिकलच्या चुका त्या दिवशी सोडून द्या. सगळंच लाल केलं तर कोणी काही वाचत नाही. शब्दार्थही चारच द्यावेत (पाकीट आणि कापडाचे जुने शब्द), बाकी अंदाजानं.

जोडीला लिब्रिवॉक्स आहे, २००५ पासूनचं, स्वयंसेवकांनी वाचलेली पुस्तकं. दर्जा खालीवर. आधी स्वतः ऐकल्याशिवाय वर्गात लावू नये.

एका गोष्टीसाठी मात्र या संग्रहाचे गुण कापावेच लागतात: इथलं इंग्रजी शंभर वर्षांपूर्वीचं आहे. आपल्या अर्जांत ‘आय बेग टू स्टेट’ आधीच ठाण मांडून बसलंय, त्यात ‘हिदरटू’ची भर नको. भारतीय इंग्रजीत सरोजिनी नायडूंचा १९०५ चा संग्रह आणि टागोर मिळतात, पण आर. के. नारायण (निधन २००१) किंवा निस्सिम इझिकेल (२००४) मिळणार नाहीत. बोलीतल्या संवादासाठी, आजच्या वाक्यरचनेसाठी विकतचं पुस्तक लागतंच. त्यातला ठरावीक भाग अध्यापनासाठी झेरॉक्स करायला हरकत नसते. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये असे अभ्याससंच कायद्यातल्या शैक्षणिक अपवादात धरले होते. सत्राला चार मजकूर घेणार असाल तर दोन गुटेनबर्गचे आणि दोन विकतच्या पुस्तकातले ठेवा, आणि विकतचा पहिला मजकूर सत्राच्या सुरुवातीलाच लावा, म्हणजे जुन्या वळणाची इंग्रजी आधी हाताला लागत नाही.