नोटबुकचा स्नॅपशॉट पाठवायचाय: एनबीव्ह्यूअर की बाइंडर?

जुपिटर नोटबुक (कोड, मजकूर आणि निकाल एकत्र ठेवणारी फाइल) गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर सार्वजनिक रिपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये, असेल, तर तिची लिंक देण्याचे हे दोन्ही मार्ग मोफत आहेत. समोरच्याला फक्त वाचायचं असेल तर एनबीव्ह्यूअर. फाइलमध्ये सेव्ह झालेले आलेख, तक्ते, आकडे तो वेबपानासारखे दाखवतो. कोड चालवत नाही. म्हणून पान चटकन उघडतं, मोबाइलवरही. मात्र आउटपुट (कोडचे निकाल) पुसून कमिट केलं, म्हणजे रिपॉझिटरीत नोंदवलं, असेल, तर समोर नुसता कोड येतो.

बाइंडरचं काम जड. रिपॉझिटरीत दिलेली पॅकेजेसची (कोडला लागणाऱ्या तयार लायब्ररींची) यादी वाचून तो डॉकर इमेज, म्हणजे कोड चालायला लागणाऱ्या सगळ्याचं एक गाठोडं, बांधतो आणि चालती नोटबुक हातात देतो. पहिल्यांदा बराच वेळ ताटकळावं लागतं. नंतर तीच इमेज वापरली जाते. सेशन तात्पुरतं असतं: सुमारे 10 मिनिटं काही हालचाल नसेल तर बंद, आणि केलेले बदलही गेले. मेमरी बेताची, त्यामुळे मोठा डेटा विसरा. शिवाय यादीत पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्या लिहिल्या नसतील, तर वर्षभराने इमेज पुन्हा बांधताना वेगळंच काही उभं राहू शकतं. मग तोच कोड वेगळं उत्तर देतो, किंवा चालतच नाही.

एक खोच दोन्हीकडे सारखीच. लिंकमध्ये ‘मेन’ ब्रँचचं (कामाच्या मुख्य, बदलत्या शाखेचं) नाव असेल तर तो स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची गोठवलेली प्रत, नव्हेच. उद्या नवे बदल पुश केलेत, म्हणजे गिटहबवर चढवलेत, की मजकूर बदलला. तिथे कमिटचा हॅश (त्या एका नोंदीचा न बदलणारा ओळखक्रमांक) घाला. सहलेखकाला मी तरी आधी एनबीव्ह्यूअरचीच लिंक देईन. बाइंडरची, तो ‘चालवून बघायचंय’ म्हणाला तर.