सिबिल दुरुस्तीला ८,००० रुपये कशाला?

विश्रामबागेतलं हे 'सिबिल दुरुस्ती'चं दुकान म्हणजे एक टेबल, एक लॅपटॉप आणि भिंतीवर '७५० स्कोअरची गॅरंटी', म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरून मिळणारे गुण वाढवून द्यायची. माझ्या भावाचं गाडीचं कर्ज फिटलेलं, एनओसी (कर्ज फिटल्याचा दाखला) हातात, तरी सिबिलच्या रिपोर्टमध्ये, म्हणजे कर्जांच्या नोंदीत, खातं चालूच दिसत होतं. हळदीच्या हंगामात भांडवलासाठी बँकेत गेला तर अर्ज परत आला. इथल्या माणसानं एनओसी उघडूनसुद्धा बघितली नाही. आधी ८,००० रुपये मागितले, मग मोबाईलवर आलेला ओटीपी. मी भावाला तिथूनच उठवलं.

अहो, हे काम फुकट होतं! सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यावाच लागतो. चूक दिसली तर तक्रारही त्यांच्याच साइटवर, पैसे न भरता. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तरी दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, तिथेही फी नाही. आणि खरोखर थकलेला हप्ता पुसून द्यायचा अधिकार असल्या दुकानांना नाहीच, मग गॅरंटी कसली देतात?

आम्ही एनओसी जोडून तक्रार टाकली, खातं बंद दाखवलं गेलं. या दुकानाला एकच स्टार. गेलातच तर ओटीपी मात्र सांगू नका.