आठ भेटींचं टाइम स्टडी पॅकेज: अंबड-सातपूरच्या प्रेस शॉपवाल्यांनी घ्यावं का?

नाशिकच्या अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या लहान कारखान्यांना ‘उत्पादकता वाढ’ या नावाने जी सेवा विकली जाते, त्यातल्या एका नेहमीच्या पॅकेजचा हा आढावा. आठ भेटी, दोन महिने, साठ हजार रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७०,८०० रुपये. बदल्यात एका लाइनचा टाइम स्टडी (घड्याळ लावून कामाची मोजणी), प्रत्येक ऑपरेशनचा स्टँडर्ड टाइम (एका नगाला द्यायचा ठरीव वेळ), नवं टार्गेट, फाइव्ह एसचे (कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या जपानी पद्धतीचे) फलक आणि शेवटी स्पायरल बाइंडिंग केलेला जाडजूड अहवाल. देणाऱ्याचं नाव इथे नाही, कारण साचा बहुतेकांचा हाच आहे.

तपासायला धरलेला जॉब साधा आहे. ६३ टनी पॉवर प्रेस, कापलेल्या ब्लँकला (पत्र्याच्या तुकड्याला) वाक द्यायचा, ब्रॅकेट तयार. ब्लँक उचलायचा, डायमधल्या (साच्यातल्या) पिनांवर बसवायचा, दोन्ही बटणं दाबायची, नग काढायचा, बिनमध्ये टाकायचा. पॅकेजवाल्याच्या शीटवर सरासरी सायकल (एका नगाला लागलेला वेळ) ०.१८ मिनिट, रेटिंग (ऑपरेटरच्या वेगाचं माप) १००, अलाउन्स (थकवा, गरजा, खोळंबे यांसाठी वाढवून द्यायचा वेळ) सरसकट १० टक्के, स्टँडर्ड टाइम ०.१९८ मिनिट. आठ तासांतून जेवणाचा अर्धा तास वजा केला की ४५० मिनिटं उरतात. टार्गेट: शिफ्टला २,२७२ नग.

या आकड्याला तीन भोकं आहेत.

पहिलं भोक रीडिंगचं. शीटवर दहाच रीडिंग आहेत. दहा सायकल म्हणजे जेमतेम दोन मिनिटं, आणि दोन मिनिटं बघून अख्ख्या शिफ्टचं टार्गेट! जनरल इलेक्ट्रिकचा जो तक्ता वर्क स्टडीत (कामाच्या मोजमापाच्या शास्त्रात) सर्रास वापरतात, त्यात पाव मिनिटाच्या सायकलला १०० आणि ०.१० मिनिटाच्या सायकलला २०० रीडिंग सांगितली आहेत. सायकल जितकी छोटी, तितकी घड्याळाची आणि डोळ्याची चूक मोठी. हा जॉब या दोन्हींच्या मधला, म्हणजे शंभरावर रीडिंग हवीतच. अर्ध्या तासाचं काम आहे, सल्लागाराला जड जायला नको.

दुसरं रेटिंगचं. समोरचा माणूस नेहमीच्या वेगाने करतोय, घाईने करतोय की हात राखून, हे पाहणाऱ्याने ठरवायचं असतं. त्याचं माप ठरलेलं आहे: सपाट जमिनीवर ओझ्याशिवाय ताशी ६.४ किलोमीटर चालणं म्हणजे १००. ५२ पत्ते ०.३७५ मिनिटात, म्हणजे साडेबावीस सेकंदांत वाटणं म्हणजेही १००. सल्लागाराला एकदा पत्ते वाटायला सांगा, त्याचा डोळा किती बसलाय ते कळेल. सगळ्या ऑपरेटरना डोळे मिटून १०० लिहिलेलं असेल, तर रेटिंग झालेलंच नाही. मालक मागे उभा असताना घेतलेलं रीडिंग तर हमखास फसवं. ऑपरेटर एक तर घाई करतो, नाहीतर मुद्दाम रेंगाळतो.

तिसरं अलाउन्सचं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या वर्क स्टडीच्या तक्त्यात वैयक्तिक गरजेसाठी पुरुषांना ५ टक्के आणि स्त्रियांना ७, मूळ थकव्याला ४. पुरुष ऑपरेटर धरला तर उभं राहून करायच्या कामाला आणखी २, प्रेसच्या दणक्यांना २. झाले १३. ब्लँक चिकटणं, डायला तेल लावणं असल्या किरकोळ खोळंब्यांना २ धरले तर १५. चहाची सुटी आधीच ४८० मिनिटांतून वजा केली असेल, तर ती अलाउन्समध्ये पुन्हा धरू नये, पण सरसकट १० कुठून आले ते शीटवर दिसलंच पाहिजे. शिवाय जानेवारीच्या थंडीत मोजलेला आकडा एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली चालत नाही. उष्णतेचा अलाउन्स वेगळा लागतो.

१५ टक्क्यांनी स्टँडर्ड टाइम ०.२०७ मिनिट होतो आणि टार्गेट २,१७३ वर येतं. तेही खोटंच आहे, कारण यात डाय बदलायचा वेळ कुठेच नाही. छोट्या लॉटच्या प्रेस शॉपमध्ये शिफ्टला दोन सेटिंग (डाय बदलून जुळवणं) सहज होतात. एका सेटिंगला ५५ मिनिटं जात असतील, तर ४५० मधली ३४० उरतात आणि खरं उत्पादन १,६४२ नग. अहवालातले २,२७२ आणि प्रत्यक्षातले १,६४२ यांच्यात ६३० नगांची दरी आहे. ती महिनाअखेरीला ऑपरेटरच्या नावावर ‘कमी काम’ म्हणून पडते.

आता त्या ५५ मिनिटांत काय होतं ते बघा, कारण पैसे तिथे आहेत. रॅकमधून डाय शोधून ट्रॉलीवर आणणं १२ मिनिटं. पाना आणि क्लॅम्प शोधणं ६. जुनी डाय सोडणं ८. बोल्स्टर (प्रेसचा पाट) पुसून नवी बसवणं ७. पॅकिंग टाकून शट हाइट (मिटलेल्या डायची उंची) जुळवणं ९. ट्रायल ठोके आणि क्वालिटीवाल्याची वाट पाहणं १३. यातली पहिली १८ मिनिटं मशीन चालू असतानाही खर्च करता येतात: आधीच्या जॉबचे शेवटचे पन्नास-शंभर नग निघत असताना हेल्परने डाय, पाना आणि क्लॅम्प प्रेसपाशी आणून ठेवायचे. सगळ्या डायखाली कायमच्या पट्ट्या बसवून शट हाइट एक केली की ९ चे २ होतात. गेज (नगाचं माप तपासायचं साधन) मशीनपाशी ठेवून क्वालिटीवाल्याला दहा मिनिटं आधी निरोप दिला की १३ चे ५. टी-बोल्ट एकाच मापाचे आणि यू खाच असली की ८ चे ६. बेरीज २० मिनिटं.

दोन सेटिंगना ४० मिनिटं गेली, उरली ४१०, नग १,९८०. ऑपरेटरचा हात जराही वेगाने न हलवता ३३८ नग जास्त. तेवढेच नग जुन्या ३४० मिनिटांत काढायचे, तर प्रत्येक नगाला ०.२०७ ऐवजी ०.१७२ मिनिट मिळेल, म्हणजे सगळा थकवा-अलाउन्स गिळूनही हात आणखी पळवावा लागेल. हे तंत्र नवं नाही. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी टोयोटाच्या १००० टनी प्रेसचं सेटिंग ४ तासांवरून आधी दीड तासावर आणि मग ३ मिनिटांवर आणलं, ते १९६९ च्या सुमारास. तरी या पॅकेजमध्ये सेटिंगला आठपैकी एकच भेट, आणि फाइव्ह एसच्या फलकांना दोन. फलक छान दिसतात, एवढंच. एक सांगायचं राहू नये: वेळ वाचवायच्या नादात मोटर बंद करून फ्लायव्हील पूर्ण थांबण्याआधी डायमध्ये हात घालायचा नाही, सेफ्टी ब्लॉक लावल्याशिवाय तर नाहीच.

अहवालातला सर्वांत धोक्याचा परिच्छेद शेवटून दुसऱ्या पानावर आहे: ‘टार्गेट गाठल्यावर सहा महिन्यांनी रेटचा फेरविचार’ (रेट म्हणजे नगामागचा दर). हे वाक्य काढून टाकायला लावा. या सगळ्या शास्त्राचा मूळपुरुष फ्रेडरिक टेलर. कामगार हात राखून का काम करतात याचं कारण त्यानेच सांगून ठेवलंय: जास्त नग काढले की मालक दर कापतो, हे त्यांना अनुभवाने माहीत असतं. त्याच टेलरच्या सांगण्यानुसार बेथलहेम स्टीलमध्ये कच्च्या लोखंडाचे ठोकळे उचलणाऱ्याचं काम दिवसाला साडेबारा टनांवरून साडेसत्तेचाळीस टनांवर गेलं आणि मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ वर. काम जवळजवळ पावणेचार पट, पैसा साठ टक्के जास्त. हा हिशोब कामगाराला कळत नाही असं समजू नये. १९११ मध्ये अमेरिकेच्या वॉटरटाउन शस्त्रागारात स्टॉपवॉचवरून ओतकाम खात्याने संप केला. पुढे तिथल्या संसदेने सरकारी कामांवर स्टॉपवॉचला जी बंदी घातली, ती १९४९ पर्यंत टिकली. आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांत दोनऐवजी तीन माग एका विणकराच्या गळ्यात मारणं हे १९२८ च्या मोठ्या संपाच्या कारणांतलं एक होतं.

युनियन असो वा नसो, कायदा बघून घ्या. ज्या सुधारणेमुळे कामगार कमी होण्याची शक्यता आहे, तिला १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात २१ दिवसांची नोटीस होती आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ती कायम आहे. ‘दोन हेल्पर कमी होतील’ असं अहवालात एका ओळीत टाकलेलं असतं. ती ओळ मालकाला महाग पडू शकते.

कंत्राटी हेल्परवर चालणाऱ्या शॉपला दुसराच फटका बसतो. टार्गेट ताणलं की जुना हेल्पर सुटतो, नवा येतो, पहिले काही दिवस रिजेक्शन वाढतं. फोर्डच्या हायलँड पार्क कारखान्यात १९१३ मध्ये सरकती लाइन आली. चॅसिस जोडायचा वेळ साडेबारा तासांवरून ९३ मिनिटांवर आला, पण १९१३ मध्येच कामगारांची ये-जा ३७० टक्क्यांवर होती. जानेवारी १९१४ मध्ये पाच डॉलर रोज आणि नऊऐवजी आठ तास केल्यावर माणसं टिकायला लागली. आपल्याकडे या गोष्टीचा पहिला अर्धा भाग प्रेझेंटेशनमध्ये असतो, दुसरा नसतो.

टार्गेट ताणल्याची खूण प्रेसवर लगेच दिसते. दोनपैकी एका बटणावर चिकटपट्टी लागते, म्हणजे एक हात डायमध्ये मोकळा. अशी चिकटपट्टी दिसली तर ऑपरेटरला झापण्याआधी त्या मशीनचं टार्गेट तपासा.

मालकाच्या बाजूचीही एक गफलत. पुढचं स्पॉट वेल्डिंग तासाला २०० नगच घेत असेल, किंवा प्लेटिंगला गेलेला माल चार-चार दिवस परत येत नसेल, तर प्रेसवर जादा काढलेले नग बिनमध्ये गंजतात आणि पत्र्याचे पैसे अडकतात. पॅकेजमध्ये लाइन एकच घेतात, त्यामुळे अडलंय कुठे हे बघितलंच जात नाही. हे पहिल्याच भेटीत करून मागा.

पैशाचं म्हणाल, तर उद्यम (लघुउद्योगांची सरकारी) नोंदणी असलेल्यांनी आधी केंद्राची एमएसएमई लीन (वाया जाणारा वेळ आणि माल कमी करायची) योजना पाहावी. २०२३ मध्ये ती नव्याने सुरू झाली. वरच्या दोन टप्प्यांत सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के भार सरकार उचलतं. कागदपत्रांचा व्याप आहे, पण ७०,८०० रोख मोजण्यापेक्षा बरा.

या पॅकेजला गुण: मोजमापाला पाचपैकी तीन, टार्गेटला एक. तरी हेच घ्यायचं असेल, तर ऑर्डरवर लिहून घ्या: मूळ रीडिंगच्या शीट्स मिळतील, रेटिंग आणि अलाउन्स ऑपरेशनवार दाखवतील, पद्धत बदलल्याशिवाय रेट बदलणार नाही, आणि आठपैकी पाच भेटी सेटिंगला असतील. त्यातली निदान एक रात्रपाळीत घ्या, कारण दोन शेडना मिळून सेटर एकच असला की तिथे ५५ मिनिटांची गोष्ट फार वेगळी असते.