मालाडचं कॉल सेंटर की बॅलार्ड इस्टेटचं शिपिंग ऑफिस?

पगार जवळपास सारखा, ऑफर दोन. एक मालाडला कस्टमर सपोर्ट, दुसरी बॅलार्ड इस्टेटमधल्या कस्टम ब्रोकरकडे, म्हणजे मालाची कस्टमची कागदपत्रं करून देणाऱ्याकडे, एक्स्पोर्टचं डॉक्युमेंटेशन. अशा वेळी सगळे विचारतात की काम किती असतं, आणि त्यातलं किती आपल्या हातात असतं हे कोणीच विचारत नाही. कामाच्या ताणाचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट कॅरासेकने १९७९ मध्ये अमेरिका आणि स्वीडनच्या नोकरदारांची माहिती घेऊन हेच मांडलं होतं, की कामाचा रेटा भरपूर आणि निर्णयाचं स्वातंत्र्य शून्य असेल तर डोक्याला ताप सगळ्यात जास्त, पण दोन्ही भरपूर असेल तर माणूस शिकत जातो.

कॉल सेंटर घ्या. एक कॉल संपला की दुसरा, स्क्रीनवर टायमर, ब्रेकचीही नोंद. कस्टमरचा रिफंड खरंच बनतो हे तुम्हाला समोर दिसतंय, पण अप्रूव्हल टीम लीडरकडे आणि शिव्या तुम्हाला. सुरुवातीचे काही महिने बोलणं सुधारतं, नंतर तीच स्क्रिप्ट. जमेची बाजू म्हणजे लॉगआउट केलं की काम घरी येत नाही, हे मुंबईत थोडंथोडकं नाही.

शिपिंगमध्ये आराम आहे असं अजिबात समजू नका. न्हावा शेवा बंदराचं गेट बंद व्हायला आलंय, कंटेनर ट्रॅफिकमध्ये, इनव्हॉइसमध्ये वजन चुकलंय आणि एक्स्पोर्टर दर पाच मिनिटांनी फोन करतोय. पण आधी कुठली फाइल काढायची, कुठल्या ट्रान्सपोर्टरला हलवायचं, शिपिंग बिलात (कस्टमला द्यायच्या एक्स्पोर्टच्या कागदात) दुरुस्ती टाकायची की शिपिंग लाइनकडे मुदत मागायची, हे हळूहळू तुम्हीच ठरवायला लागता आणि शिक्षण होतं ते तिथेच. रविवारी फोन वाजतो तो वेगळा.

आता ताबा असला की कितीही काम झेपतं असं कोणी सांगितलं तर सोडून द्या. नंतरच्या अभ्यासांत हे ठामपणे दिसलेलं नाही, रेटा आपला वेगळा त्रास देतोच. पण ताबा नसणंही महागात पडतं. लंडनच्या १०,३०८ सरकारी कर्मचाऱ्यांवर १९८५ पासून चाललेल्या व्हाइटहॉल-२ अभ्यासात, कामावर ताबा कमी असलेल्यांमध्ये हृदयविकार जास्त दिसला. म्हणजे टेन्शन फक्त मोठ्या साहेबांना असतं ही आपली समजूत गेली उडत.

सोबतची माणसं हा मुद्दा कॅरासेकच्या मॉडेलमध्ये नंतर जोडला गेला, आणि इथे कॉल सेंटर पुढे जाऊ शकतं, कारण फ्लोअरवर बरोबरीची पोरं असतात, डबा एकत्र होतो. चार माणसांच्या ऑफिसात मालक खडूस निघाला तर तक्रार करणार कोणाकडे? आणि विरारवरून येणार असाल तर मालाड मध्येच लागतं, बॅलार्ड इस्टेटसाठी पार चर्चगेट गाठून पुढेही जायचं, कॅरासेकच्या तक्त्यात लोकलचा रकाना नाही.

माझं मत, नुकतं ग्रॅज्युएशन झालं असेल आणि घरची मोठी जबाबदारी नसेल तर शिपिंग. संध्याकाळी एमकॉमचे क्लास असतील किंवा घरी आजारपण असेल तर कॉल सेंटर, पण शिफ्ट फिक्स आहे का हे आधी लेखी घ्या. शिपिंगवाल्यांना इंटरव्ह्यूत एवढंच विचारा, साहेब सुट्टीवर असले की निर्णय कोण घेतं? ‘त्यांना फोन लावतो’ असं उत्तर आलं तर तिथेही हातात काही नाही, वरून रविवार पण जाणार.