पक्षी हरवला तेव्हा: ग्रेव्ह्जच्या किटलीसोबत चौदा महिने

तीन आठवड्यांपूर्वी आमच्या किटलीचा पक्षी, म्हणजे तोटीवर बसणारी पक्ष्याच्या आकाराची शिट्टी, कचऱ्यात गेला. धुऊन तो मी ओट्यावर कागदी टॉवेलवर वाळत ठेवला होता. आवरताना नवऱ्याने टॉवेलचा बोळा केला, तो पक्ष्यासकट. सोमवारी कचऱ्याची गाडी येऊन गेली आणि मंगळवारी सकाळी आमच्या लक्षात आलं. चौदा महिने ही किटली वापरतेय, पण तिच्याबद्दल लिहावं असं कधी वाटलं नव्हतं. हे मधले मुके आठवडे गेले नसते तर आजही लिहिलं नसतं.

किटली अमेरिकन डिझायनर मायकेल ग्रेव्ह्जची, आलेस्सी या इटालियन कंपनीने १९८५ साली काढलेली. स्टीलचा शंकू, वर कमानीसारखी निळी मूठ, तोटीवर लाल पक्षी. मापं, वजन, पाणी किती मावतं हे सगळीकडे लिहिलेलं आहे, ते पुन्हा सांगत नाही. नवी घ्यायला माझं मन धजत नव्हतं. दोनदा किंमत बघितली, दोनदा रुपयांत हिशेब केला आणि पान बंद केलं. नुसतं पाणी उकळायला एवढे पैसे कशाला? आमच्या घरात आजवर पाणी पातेल्यातच उकळत आलंय. मग इथे न्यू जर्सीत, प्रिन्स्टनजवळ, एका घरातलं सगळं सामान विकायला काढलं होतं. मालकीणबाई वारल्या होत्या, मुलं लांबच्या गावी. तिथे ही तीस डॉलरला मिळाली. आत तळाला क्षारांचा जाड पांढरा थर होता. व्हिनेगर घालून दोनदा उकळल्यावर तो निघाला.

पहिले तीन महिने माझं मत वाईट होतं, ते सांगून टाकते. आपल्या चहाला ही किटली कामाची नाही. आपला चहा म्हणजे पाणी, साखर, आलं, पावडर, दूध सगळं एकत्र उकळायचं, उतू जाता जाता गॅस कमी करायचा, पुन्हा वर येऊ द्यायचं. ते या भांड्यात होत नाही आणि करूही नये. कोरा चहा किंवा बिनदुधाची कॉफी पिणाऱ्यांसाठी बनवलेली वस्तू मी हौसेने घरात आणली आणि शेगडीची एक जागा अडवून बसले, असं वाटायचं. दिसायला सुंदर, एवढंच तिचं श्रेय मी मानत होते.

ऑक्टोबरात सासूबाई वाईहून सहा महिन्यांसाठी आल्या आणि हे मत बदललं.

आईंना दिवसभर गरम पाणी लागतं. सकाळी लिंबू-मध घालून, जेवणानंतर नुसतं, रात्री थर्मासमध्ये. त्यात त्यांना संधिवात, बोटं पूर्ण मिटत नाहीत. सांडशीने उकळत्या पाण्याचं पातेलं उचलताना त्यांचा हात थरथरायचा आणि मी दुसऱ्या खोलीतून धावत यायची. किटलीची मूठ जाड आहे, गोलसर आहे, आणि भांड्याच्या डोक्यावर मधोमध आहे. चिमटीत धरावी लागत नाही, हात नुसता खालून घालायचा. आईंनी दुसऱ्याच दिवशी ती आपली करून टाकली. दोन लिटर भरली तर त्यांना जड व्हायची, म्हणून त्या अर्धीच भरायच्या. तळ रुंद असल्यामुळे अर्धी किटली लवकर तापते. पुढे आम्ही चहालाही तेच करू लागलो. किटलीतलं उकळतं पाणी पातेल्यात, त्यावर पावडर-आलं, मग दूध. सकाळच्या घाईत बरीच मिनिटं वाचतात. तीन महिने हे मला सुचलं नव्हतं, आईंना आठवड्यात सुचलं.

एक त्यांची आठवण इथे लिहायलाच हवी. पहिल्या दिवशी किटली शिट्टी घालू लागली, आणि आई ओट्यापाशी शांत उभ्या. मी म्हटलं, "आई, पाणी झालं, बंद करा." त्या म्हणाल्या, "अगं, एकच झालीय. दुसरी होऊ दे की." चाळीस-पन्नास वर्षं कुकरच्या शिट्ट्या मोजलेल्या बाईला एकच न संपणारी शिट्टी ही अपुरी वाटली. आपलं स्वयंपाकघर शिट्ट्यांवरच चालतं. वरणाला तीन, राजम्याला सहा, आणि मोजणारं माणूस कुठेही असलं तरी कान ओट्याकडे. कुकरच्या शिट्टीत मोजदाद असते. किटलीची शिट्टी कोणी उठून येईपर्यंत थांबतच नाही, जवळ बोलावते.

आता पक्ष्याबद्दल. लोक याला गंमत समजतात, मीही समजायची. पण ग्रेव्ह्ज मूळचे आर्किटेक्ट होते. प्रिन्स्टन विद्यापीठात त्यांनी जवळपास चाळीस वर्षं शिकवलं. आणि आर्किटेक्टने भांडं करायचं म्हणजे काय, हे या किटलीत स्वच्छ दिसतं. इमारतीला ते माणसाच्या शरीरासारखं बघायचे. पाय, धड, डोकं हे तिन्ही वेगळे कळले पाहिजेत, आणि दार कुठे आहे हे विचारावं लागू नये. किटलीकडे तसं बघा. तळाशी बारीक उठावाच्या ठिपक्यांची ओळ आहे, जणू रिव्हेट ठोकलेत. तो तिचा पाया, विस्तवाची जागा. वर निळा रंग म्हणजे इथे थंड आहे, हात घाला. तोटीवर लाल म्हणजे इथे वाफ आहे, जपून. झाकणावर काळा गोळा. आईंना इंग्रजी वाचता येत नाही आणि या किटलीवर वाचण्यासारखं काही नाहीच. मी एक शब्दही न सांगता त्यांना ती वापरता आली. माझा मायक्रोवेव्ह त्यांना सहा महिन्यांत आला नाही.

ओतण्याआधी पक्षी हाताने काढावा लागतो. त्यातून वाफ गेलेली असते, तेव्हा फडकं घ्या. एकदा मी घेतलं नाही आणि बोट पोळलं. फडकं मुठीलाच अडकवून ठेवायची सवय आता लागलीय. शेगडीची आच तळाबाहेर जाऊ देऊ नका, मूठ प्लॅस्टिकची आहे. निगा म्हणून एवढंच.

ही किटली यायच्या आधी, १९८३ साली, आलेस्सीने अकरा आर्किटेक्टांना चहा-कॉफीचे चांदीचे सेट करायला दिले होते. कल्पना अशी की ट्रे म्हणजे चौक आणि त्यावरची भांडी म्हणजे चौकातल्या इमारती. ते सेट संग्रह करणाऱ्यांसाठी होते, रोजच्या स्वयंपाकघरासाठी नव्हेत. त्यात ग्रेव्ह्जही होते. त्यातूनच मग रोजच्या वापराची, कारखान्यात निघणारी ही स्टीलची किटली आली. पुढे १९९९पासून त्यांनी अमेरिकेतल्या टार्गेट दुकानांसाठी किटल्या, टोस्टर, घड्याळं अशा कितीतरी स्वस्त वस्तू केल्या. मोठ्या आर्किटेक्टने असल्या दुकानासाठी काम करावं का, अशी टीका त्यांच्यावर झाली. मला त्या टीकेचा राग येतो. काटकसरीने घर चालवणाऱ्या माणसाच्या हातातली वस्तू चांगली असू नये, असं यांना का वाटतं?

म्हणून मला त्यांचं सगळंच पटतं असं नाही. ओरेगनमधली त्यांची पोर्टलंड बिल्डिंग १९८२ची, पंधरा मजली, रंगीत, आणि तिचा वास्तुकलेच्या इतिहासात मोठा बोलबाला. पण तिच्या खिडक्या लहान चौकोनी, आत बसून काम करणाऱ्यांना अंधार. गळतीही होती, आणि २०१७ ते २०२०मध्ये तिचं सगळं बाह्यांग नव्याने करावं लागलं. बाहेरून चेहरा बोलतो, आत बसलेल्याला उजेड मिळत नाही. किटलीत हे उलट आहे. बाहेरचा प्रत्येक रंग आतल्या पाण्याबद्दल काहीतरी सांगतो. हातात मावणारी वस्तू करताना त्यांना वापरणारं माणूस जास्त जवळून दिसलं असावं, असं माझं मत आहे. आमच्याकडच्या नुअर्कच्या म्युझियमचं नूतनीकरण त्यांचंच, १९८९चं. आईंना घेऊन गेलो होतो. तिथे मात्र वरून येणारा उजेड मला फार आवडला, आणि आई म्हणाल्या, "इथे वाट चुकत नाही."

२००३ साली एका संसर्गानंतर ग्रेव्ह्ज यांचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं. रुग्णालयात चाकांच्या खुर्चीत बसून दाढी करायला गेले, तर आरसा उंच आणि नळापर्यंत हात पोचेना. ज्याने आयुष्यभर दारं-खिडक्या कुठे हव्यात ते ठरवलं, त्याला स्वतःचा चेहरा बघता आला नाही. त्यानंतरची बारा वर्षं, २०१५मध्ये जाईपर्यंत, त्यांनी आपली बरीच शक्ती रुग्णालयातलं फर्निचर, काठ्या, न्हाणीघरातले आधाराचे दांडे यांवर लावली. व्हर्जिनियात फोर्ट बेल्व्हॉरला जखमी सैनिकांसाठी २०११ साली दोन घरं झाली, तिथे बसलेल्या माणसासाठी ओटा खाली-वर करता येतो. स्ट्रायकर कंपनीसाठी त्यांनी रुग्णांना ने-आण करायची खुर्ची केली. तिला मागे उभे दांडे आहेत, म्हणजे ढकलणारा बुटका असो वा उंच, आपापल्या उंचीवर धरतो.

आईंचा गुडघा जानेवारीत सुजला तेव्हा तपासणीला तसल्याच उभ्या दांड्यांच्या खुर्चीतून त्यांना नेलं. मी पाच फूट एक इंच, नवरा सहा फूट. लांबलचक कॉरिडॉरमध्ये आम्ही आळीपाळीने ढकलली, आणि कोणालाच वाकावं लागलं नाही. त्या दिवशी घरी येऊन मी किटलीची मूठ पुन्हा नीट बघितली. हात कोणाचा येईल हे माहीत नसताना सगळ्यांसाठी जागा ठेवायची, हा एकच विचार दोन्हीकडे आहे. खुर्चीत तो मला स्पष्ट दिसला, आणि मग किटलीतही दिसायला लागला.

एप्रिलमध्ये आई परत गेल्या. आणि आता पक्षी गेला.

पहिल्या आठवड्यात मी म्हटलं, शिट्टी नसली तर काय झालं, पाणी तर उकळतंय. चौथ्या दिवशी मी किटली ठेवली, ऑफिसचा फोन आला, आणि पाऊण तासाने तापल्या लोखंडाचा वास आला तेव्हा धावले. तळाशी वाटीभर पाणी उरलं होतं. आणखी दहा मिनिटं गेली असती तर मूठ गेली असती, कदाचित त्याहून वाईट काही झालं असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. घरात त्या वेळी आई असत्या तर?

मग मी स्वस्तात पक्षी शोधला. इंटरनेटवर एका विक्रेत्याकडे नऊ डॉलरला होता, 'या किटलीला बसतो' असं छापलेलं. आला तो सैल. कडेने वाफ निसटायची, आवाज नुसता फुसफुस. मी फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला, तोटीचं माप पट्टीवर धरून दाखवलं. उत्तर काय, तर वापरलेली वस्तू परत घेत नाही. वाजते की नाही हे वापरल्याशिवाय कसं कळणार, हा माझा प्रश्न अकरा ईमेलमध्ये कोणी वाचला नाही. शेवटी निम्मे पैसे परत आले. साडेचार डॉलर वाचवण्यासाठी मी दोन आठवडे मुक्या किटलीसमोर उभी राहिले, हे मला आजही खुपतं. सुटा पक्षी मूळ कंपनीकडून मिळतो. महाग वाटला तरी तोच घ्या, आणि शिट्टीवाचून पाणी ठेवत असाल तर शेगडीपासून हलू नका.

नवा पक्षी शनिवारी आला. तोटीवर घट्ट बसला. मी पाणी ठेवलं आणि वाईला व्हिडिओ कॉल लावला. आई अंगणात पापड वाळत घालत होत्या. गुडघ्याचं विचारलं, पावसाचं विचारलं, शेजारच्या लग्नाचं सांगून झालं. तेवढ्यात मागे शिट्टी सुरू झाली. आधी बारीक, मग भरून.

आईंनी पापड टाकायचं थांबवलं.

"अगं, झालं बघ पाणी," त्या म्हणाल्या. "आधी गॅस बंद कर, मग बोलू."