हेडर बसवलेले जुने व्ही-८ इंजिन आणि डायलची टायमिंग लाइट

जुन्या गाडीचे ओतीव लोखंडी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढून त्या जागी हेडर (प्रत्येक सिलिंडरला वेगळी नळी असलेले एक्झॉस्ट) बसवले की बहुतेक जण कार्ब्युरेटरकडे वळतात आणि इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मात्र कारखान्याने ठरवून दिलेल्या आकड्यावरच राहू देतात. साधी टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकून ही वेळ दाखवणारा दिवा) हाताशी असली तर हे स्वाभाविकही आहे, कारण कारखान्याची खुणांची पट्टी आयडलिंगच्या ॲडव्हान्सपुरतीच (पिस्टन वर पोहोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते, तेवढ्यापुरतीच) असते आणि इंजिनाचे फेरे वाढले की खूण पट्टीच्या बाहेर निघून जाते. मी वापरतो त्या लाइटच्या पाठीवर डिजिटल डायल आहे. शेव्हरोलेटच्या ३५० घन इंची व्ही-८ इंजिनाला हेडर बसवल्यानंतरचे टायमिंग मी तिच्याच साहाय्याने जुळवले, आणि हे परीक्षण त्या कामापुरतेच आहे.

पहिल्या सिलिंडरच्या प्लगला ठिणगी पडते त्याच क्षणी साधी लाइट चमकते, तर डायलची लाइट ती चमक आपण सांगू तितकी उशिरा देते. मिनिटाला ३००० फेरे असताना क्रँकशाफ्ट एका सेकंदात १८,००० अंश फिरतो, म्हणजे १० अंशांचा उशीर हा सुमारे ०.५६ मिलिसेकंदांचा खेळ असतो. डायल फिरवत बॅलन्सरवरची (क्रँकशाफ्टच्या टोकावरच्या चकतीवरची) खूण पट्टीच्या शून्यावर आणली की डायलवर दिसणारा आकडा हाच त्या क्षणीचा ॲडव्हान्स. त्यामुळे आयडलिंगपासून डिस्ट्रिब्युटरमधली (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागातली) वजने फेऱ्यांबरोबर पूर्ण उघडेपर्यंतचा ॲडव्हान्सचा सगळा चढ मोजता येतो, आणि हेडर बसवलेल्या इंजिनाला नेमकी याचीच गरज असते.

ती गरज का निर्माण होते, हे समजून घेण्यासारखे आहे. हेडर जळलेला वायू सिलिंडरमधून अधिक चांगल्या रीतीने ओढून घेतात. आत उरणारा जळका वायू कमी झाला की नवे मिश्रण लवकर पेटते आणि त्याला थोडा कमी ॲडव्हान्स पुरतो. पण कार्ब्युरेटरचे जेट (इंधन मोजून सोडणारी भोके) बदलले नसतील तर तेच हेडर मिश्रण पातळ करतात, आणि पातळ मिश्रण सावकाश जळत असल्याने अधिक ॲडव्हान्स मागते. हे दोन परिणाम विरुद्ध दिशांना ओढत असल्यामुळे कोणत्या इंजिनाला किती अंश हवेत, हे दुसऱ्याच्या गाडीवरून ठरवता येत नाही. म्हणून आधी जेट जुळवावेत आणि मगच लाइट हातात घ्यावी. डिस्ट्रिब्युटरला इंजिनाच्या व्हॅक्यूमवर जादा ॲडव्हान्स देणारी नळी काढून तिचे तोंड बंद करावे, वजने पूर्ण उघडल्यावरचा एकूण ॲडव्हान्स ३२ अंशांवर ठेवावा आणि दोन-दोन अंशांनी वाढवत, गाडीची ओढ वाढायची थांबते तिथे थांबावे. या जातीच्या इंजिनात तो आकडा सहसा ३४ ते ३८ यांच्या दरम्यान येतो. डिस्ट्रिब्युटर क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरतो, त्यामुळे त्याच्या आतल्या वजनांचे १२ अंश क्रँकशाफ्टवर २४ होतात. स्प्रिंग बदलताना हा हिशेब डोळ्यांसमोर असावा लागतो.

या लाइटचा मला सर्वाधिक उपयोग झाला तो आयडलिंगला हेडरच्या नळ्या लाल होण्याचे कारण शोधताना. ठिणगी उशिरा पडली की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतानाही मिश्रण जळतच असते आणि ती सगळी उष्णता पातळ पत्र्याच्या नळ्यांत उतरते. व्हॅक्यूम ॲडव्हान्सची नळी कार्ब्युरेटरच्या थ्रॉटलवरच्या तोंडाला जोडलेली असेल, तर आयडलिंगला तिचे साहाय्य जवळजवळ मिळतच नाही. तीच नळी थेट इनटेक मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमला जोडून पाहिली, तेव्हा वाढलेले अंश डायलवर लगेच वाचता आले आणि नळ्यांची लाली उतरली.

आता उणिवांकडे येतो. डायलवरचा आकडा बॅलन्सरवरच्या खुणेइतकाच खरा असतो. बॅलन्सरची बाहेरची कडी रबराच्या थरावर बसलेली असते आणि रबर जुने झाले की ती कडी सरकते. आठ इंच व्यासाच्या बॅलन्सरवर एक अंश म्हणजे जेमतेम १.८ मिलिमीटर, त्यामुळे अर्ध्या सेंटिमीटरच्या सरकण्याने जवळपास तीन अंशांची चूक होते. हेडरच्या मोठ्या आवाजात हलके नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक) कानावर पडत नाही, म्हणून अशा इंजिनात ही चूक अधिक धोक्याची ठरते. प्लगच्या भोकातून पिस्टन स्टॉप (पिस्टनला अडवणारा दांडा) घालून खरा टीडीसी (पिस्टन सर्वांत वर असण्याची जागा) तपासल्याशिवाय या लाइटवर भरवसा ठेवू नये आणि नंतरही प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर नॉकिंगची खूण असलेले बारीक ठिपके दिसतात का, हे पाहत राहावे.

फेरे स्थिर असताना ही लाइट बॅलन्सरवर चिकटवलेल्या अंशांच्या पट्टीशी तंतोतंत जुळते. फेरे झपाट्याने वाढत असताना मात्र तिचा आकडा मागे पडतो, कारण पुढचा उशीर ती मागच्या ठिणग्यांमधील अंतरावरून ठरवते. टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोकची निवड एकाच बटणावर ठेवली आहे, ही रचना मला अजिबात पटलेली नाही. फोर-स्ट्रोक इंजिनावर ते बटण चुकून दाबले गेले तर फेरे आणि ॲडव्हान्स दोन्ही निम्मे दिसतात. कमी फेऱ्यांना एकामागून एक अनेक ठिणग्या टाकणारा इग्निशन बॉक्स गाडीत असेल तर डायल शून्यावर ठेवून पट्टीवरच वाचन करावे, कारण तिथे उशिराचा हिशेब फसतो.

पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या वायरवर लावायचा लाइटचा क्लॅम्प प्लास्टिकचा आहे आणि हेडरच्या जवळ तो टिकणार नाही. तो प्लगपाशी न लावता त्याच वायरच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला लावला तरी वाचनात फरक पडत नाही. त्यावरचा बाण प्लगच्या दिशेला असला म्हणजे झाले. लाइटची स्वतःची वायर तिच्यापासून सुटी करता येते, ही सोय चांगली आहे. केवळ आयडलिंगचा ॲडव्हान्स वर्षातून एखाद्या वेळी तपासणाऱ्यांना साधी लाइट आणि बॅलन्सरवर चिकटवायची अंशांची पट्टी एवढे पुरेल, पण ज्यांना स्प्रिंग आणि वजने बदलून संपूर्ण चढ आपल्या इंजिनाला जुळवून घ्यायचा आहे, त्यांनी हीच घ्यावी आणि वायर काढता येणारे मॉडेलच निवडावे.